बाराखडी पाठ, पण ‘मी’ वाचता येईना: मुलांना मराठी वाचायला शिकवताना

माझा नातू साडेपाच वर्षांचा असताना बाराखडी क पासून ज्ञ पर्यंत एका दमात म्हणायचा. पाहुणे आले की त्याचा तो कार्यक्रमच असे. एकदा मी पाटीवर नुसतं ‘मी’ लिहून त्याच्यापुढे धरलं. तो बघत राहिला, मग ओठांतल्या ओठांत सुरू झाला: म, मा, मि... आणि चौथ्या पायरीवर ओरडला, ‘मी!’ मी ‘मो’ लिहिलं. पुन्हा तळापासून जिना चढणं सुरू. नवव्या पायरीवर उत्तर आलं.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीचा वर्ग मी बरीच वर्षं सांभाळला, आणि दर जूनमध्ये जिना चढणारी पाच-सहा मुलं वर्गात असायचीच. त्यांना चाल पाठ असते, चिन्ह ओळखीचं नसतं. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, या क्रमाने गेलं तर मूल सहा-आठ महिने ‘वाचायला शिकतं’ आणि तेवढ्या काळात स्वतःच्या ओळखीचा एकही शब्द वाचत नाही. मोठ्या माणसाने तरी इतके दिवस दम धरला असता का?

म्हणून मी उलट बाजूने जाते. पाच अक्षरं, एक काना, आणि त्याच आठवड्यात खरे शब्द. अक्षरांचे छोटे गट करून शिकवण्याची रीत माझी नाही. आपल्याकडचं जुनं ‘ग म भ न’ हाही गटच आहे, फक्त तो हाताच्या वळणासाठी केलेला. लिहायला ती अक्षरं एकाच कुळातली, म्हणून सोपी. वाचायला मात्र त्याच कारणाने अवघड, कारण म आणि भ शेजारी ठेवले की नवं मूल हमखास गोंधळतं. वाचनाचा गट वेगळा हवा. तो कसा करायचा ते पुढे सांगते, पण त्याआधीचं एक काम बहुतेक घरांत राहून जातं.

आधी कान

तीन ते पाच या वयात अक्षर दाखवायची घाई नको, कानाचं काम भरपूर असतं. गोष्टी, बडबडगीतं, कोडी आणि सगळ्यांत कामाच्या म्हणजे भेंड्या. गाण्यांच्या नव्हेत, शब्दांच्या. ‘कागद’ म्हटलं की ‘दार’, ‘दार’ म्हटलं की ‘रताळं’. आता ळ वर खेळ अडतो, कारण ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही. मग ल घ्यायचा की हरलास म्हणायचं यावर भांडण होतं. होऊ द्या. शब्दाचा शेवटचा आवाज वेगळा काढून त्यावर भांडता येणारं मूल निम्मं तयार झालेलं असतं.

दुसरा खेळ टाळ्यांचा. ‘टोपी’ला दोन टाळ्या, ‘केळी’ला दोन. इथे मोठी माणसं एक चूक करतात. ‘घर’ म्हणताना मूल एकच टाळी वाजवतं आणि आपण सांगतो, ‘नाही रे, घ-र, दोन!’ मूल बरोबर असतं. आपण बोलताना ‘घर्’ म्हणतो, शेवटचा अ गिळून टाकतो. ‘पावसाळा’ला तोंडात तीनच तुकडे, पाव-सा-ळा, कागदावर अक्षरं चार. हा फरक तुमच्या डोक्यात असू द्या. मुलाला आत्ता काही सांगू नका, त्याची टाळी खरी धरा.

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर च-ची भाषा शिकवा. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा. ‘मराठी’चं ‘चराठीम’, ‘तू काय करतोस’चं ‘चतू चयका चरतोसक’. लहानपणी आम्ही मोठ्यांपासून गुपितं लपवायला ही भाषा बोलायचो. शब्दाचे तुकडे करून ते हलवायचा याहून चांगला सराव कुठल्याही महागड्या किटमध्ये मिळणार नाही.

याच काळात रोज एक पुस्तक मांडीवर घेऊन वाचा. बोट ओळीखालून सरकू द्या, म्हणजे आवाज त्या काळ्या खुणांतून येतोय हे त्याला दिसतं. त्याचं नाव डब्यावर, दप्तरावर, खुंटीवर ठळक लिहा. स्वतःचं नाव हे जवळजवळ प्रत्येक मुलाचं पहिलं वाचन असतं. पुस्तकांचा खर्च परवडत नसेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत आणि ती वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात.

पहिला आठवडा: क म न र ल आणि काना

जुन्या लग्नपत्रिकांचे पाठकोरे तुकडे कापा, साधारण तळहाताएवढे. प्रत्येकावर एक अक्षर, जाड स्केचपेनने. काना वेगळ्या अरुंद पट्टीवर. बस, एवढंच सामान. चिंचोके असतील तर अक्षराच्या रेषेवर मांडायला द्या. हात फिरतो आणि आकार लक्षात राहतो. पेन्सिलीचा आग्रह इतक्यात नको. चार-पाच वर्षांच्या बोटांना लिहिणं जड जातं, आणि वाचणं लिहिण्यासाठी थांबवलं तर दोन्ही रखडतात.

ल बद्दल एक सूचना. मराठी वळणाचा ल पाकळीयुक्त, आणि श देठयुक्त. राज्य शासनाच्या वर्णमालेविषयीच्या २००९च्या निर्णयात हीच रूपं आहेत. पण मोबाइलवर आणि पुष्कळ छापील पुस्तकांत हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. तुम्ही कार्डावर एक रूप पक्कं करा आणि तेच ठेवा. दोनेक महिन्यांनी दुसरं रूप दाखवून सांगा, ‘हाही ल च, शर्ट बदललाय.’ पहिल्या आठवड्यातच दोन्ही दाखवले तर मूल दोन वेगळी अक्षरं धरून बसतं.

पहिल्या दिवशी म चं कार्ड ठेवा आणि म्हणा, ‘हा म.’ मग कान्याची पट्टी शेजारी सरकवा: ‘मा.’ पट्टी काढा: ‘म.’ लावा: ‘मा.’ पाच-सात वेळा, मग पट्टी त्याच्या हातात द्या. ‘म ला काना मा’ ही चाल मुद्दाम टाळा, कारण चाल आली की डोळे सुटी घेतात. पट्टी लागली की आवाज बदलतो, काढली की परत येतो, हे त्याच्या हातून घडलं पाहिजे. मग दुसरा म आणि दुसरा काना ठेवा. ‘मामा.’ पहिल्या दिवशी त्याने एक शब्द वाचला आणि तो शब्द त्याच्या घरातला आहे.

दुसऱ्या दिवशी क: काका, काम, मका. तिसऱ्या दिवशी न: नाक, कान, मान. इथे खेळ रंगतो, कारण ‘नाक’ची कार्डं उलटी लावली की ‘कान’ होतं, आणि बरीच मुलं हे स्वतःच शोधून काढतात. तुम्ही आधी सांगू नका, वाट बघा. चौथ्या दिवशी ल: लाल, काल, मला. पाचव्या दिवशी र: रान, कर, कार वगैरे. शनिवारी वाक्य. ‘मामा, काम कर.’ ‘काका, मला मका.’ माझ्या नातवाने पहिलं वाक्य वाचून मामाला फोन लावायला लावला.

रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला कालची कार्डं भराभर, मग नवं एकच अक्षर, मग शब्द लावणं आणि वाचणं. कंटाळा दिसायच्या आत उठा. ज्या दिवशी मूल तापट झालंय, झोप आलीय, त्या दिवशी कार्डं डब्यातच राहू देत आणि गोष्ट वाचा. आठवड्याचे पाच दिवस नियमित झाले तरी खूप. आठवडा कमी पडला तर दोन घ्या. क्रम धरायचा, तारखा नाही.

‘ना’ आणि ‘क’ची गाठ

खरी अडचण इथे येते. मूल ‘ना’ म्हणतं, ‘क’ म्हणतं, दोन्ही अचूक, आणि विचारलं ‘काय झालं?’ तर म्हणतं, ‘नाका?’ किंवा गप्प बसतं. आपण चिडतो, कारण आपल्याला उत्तर समोर दिसत असतं.

सुटा क आपण ‘क’ असा अ सकट म्हणतो. शब्दाच्या शेवटी तो ‘क्’ होतो. अक्षरं जशीच्या तशी जोडली तर ‘नाक’ होत नाही. त्यामुळे मुलाला दोन पायऱ्या द्या: ‘आधी अक्षरं वाच, मग आपण बोलतो तसं बोल.’ पहिल्या पायरीत ‘नाऽऽऽ’ लांबवत लांबवत क चं कार्ड जवळ आणा आणि भिडताच शब्द पूर्ण करा. मध्ये श्वास घेऊ नका, कारण तोडलेला आवाज जुळायला कठीण जातो. पुढे ‘कमळ’, ‘गवत’, ‘करवत’ असे बिनकान्याचे शब्द येतील तेव्हा हीच युक्ती लागेल. तिथे कुठला अ गिळायचा याचे नियम व्याकरणात आहेत, पण पाच वर्षांच्या मुलाला ते सांगून काही होत नाही. त्याच्या जिभेला ते आधीच येतात.

येतात, पण शब्द ओळखीचा असेल तरच. शहरातल्या एका मुलाने ‘करवत’ची चारही अक्षरं बरोबर वाचली, मग ‘करावत? करवात?’ करत राहिला. त्याने करवत कधी पाहिलीच नव्हती. चूक वाचनाची नव्हती, त्या आवाजांच्या टोकाला त्याच्यासाठी काही वस्तूच नव्हती. म्हणून सुरुवातीचे सगळे शब्द मुलाच्या तोंडातले घ्या. गोठ्याजवळ राहणाऱ्या मुलाला ‘दावं’ आणि ‘गोठा’ द्या, बिल्डिंगमधल्या मुलाला ‘लिफ्ट’. पुस्तकातल्या शब्दांना मग आपोआप वाट मिळते.

पुढचे गट

दुसऱ्या गटात ब, स, त, प घ्या, दुसरी वेलांटी आणि एक मात्रा घ्या, शिवाय सुटा आ. आता ‘बस आली. बाबा आले.’ एवढं वाचता येतं. तेल, केस, पान, ताप, बकरी, सात, तीन, मी, ती हे सगळे शब्द याच गटातून निघतात. तिसऱ्यात ण आणि ळ आणा. वर्णमालेत ही दोन्ही उशिरा येतात, ळ तर जवळजवळ शेवटी, पण मराठी मुलाच्या दिवसात पाणी, पोळी, केळी, लोणी, बाळ, सकाळ यांच्याशिवाय पान हलत नाही. जोडीला ग, ट, ओकार म्हणजे काना-मात्रा, आणि ई. ‘आई’ हा शब्द इथे वाचता आला की घरातलं एक माणूस हळवं होतं, त्यासाठी वेळ राखून ठेवा.

चौथ्यात च, द, ह, व आणि दोन्ही उकार. त्यानंतरचा क्रम तुम्हीच ठरवा. नियम एकच: नव्या गटात चारपाच अक्षरं, एकदोन खुणा, आणि त्यातून निदान दहा-बारा रोजचे शब्द निघाले पाहिजेत. निघत नसतील तर अक्षरं बदला. अनुस्वार लवकर घेतला तर आंबा, मांजर, घंटा मिळतात. त्याचा उच्चार कुठे म्, कुठे न्, कुठे ण् होतो हे समजावू नका, ओळखीच्या शब्दात तो बरोबरच येतो. छ, ढ, ष, ऐ, औ शेवटी ठेवले तरी काही बिघडत नाही, कारण पानभर मजकुरात ते फारसे भेटतच नाहीत.

आणि हो, ‘आहे’, ‘नाही’, ‘आणि’, ‘आम्ही’ हे शब्द अक्षरं शिकवून होण्याआधीच पुस्तकात दिसायला लागतात. ते अख्खे ओळखू द्या, चेहरा ओळखावा तसे. जोडाक्षर आलं म्हणून ‘आम्ही’ला तीन महिने थांबवणं बरं नाही.

बाराखडीवर माझा राग नाही. चारपाच गट झाल्यावर तिचा तक्ता भिंतीवर लावा. तोवर मुलाला खुणा कळलेल्या असतात आणि तक्ता पाहून तो म्हणतो, ‘अरे, हे सगळ्यांना लागतं!’ त्या वेळी बाराखडीची चाल म्हणजे जिना राहत नाही, उजळणी होते.

खोड्या काढणारी अक्षरं

दिसायला सारखी अक्षरं एका गटात कधीच ठेवू नका: घ आणि ध, म आणि भ, थ आणि य, प आणि ष, ब आणि व, ड आणि ह. एक पक्कं झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरं आणा, आणि तेही पक्कं झाल्यावर दोघांना समोरासमोर उभं करा: घर आणि धर, मान आणि भान, बारा आणि वारा. ‘बारा वाजता वारा आला’ यासारखी वाक्यं मुलांना चिडवतात आणि आवडतात. ख ची कथा वेगळी. तो मोकळा लिहिला की ‘रव’ वाचला जातो, म्हणून कार्डावर त्याचे दोन्ही भाग खाली जोडून काढा.

पहिली वेलांटी दुसरीनंतर बऱ्याच दिवसांनी घ्या. ती अक्षराच्या आधी उभी असते आणि बोलताना नंतर येते. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे जाणाऱ्या मुलाला ही फसवणूक वाटते. मी सांगायचे, ‘ही पुढे उभी राहते, पण बोलायची पाळी नंतर.’ आणि ऱ्हस्व-दीर्घाचा काच आत्ता अजिबात नको. ‘किती’ वाचताना कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी याने वाचनात अडत नाही, लिहिताना अडतं. तो लेखनाचा धडा आहे, तिसरी-चौथीत घ्या.

च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळे. ‘जाळं’ आणि ‘जीभ’, ‘झाड’ आणि ‘झेंडा’ तसेच. चिन्ह एकच असल्यामुळे मूल ‘चाक’ हा शब्द ‘चहा’तल्या च ने वाचून बघतं आणि स्वतःच हसतं. चूक दाखवायची गरज नाही, ‘आपण काय म्हणतो?’ एवढं विचारा. परदेशात वाढणाऱ्या मुलांना मात्र हे दोन्ही आवाज ऐकवावे लागतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांत रविवारी जाणारी माझी भाचेनात ‘चमचा’ पहिल्यांदा वाचताना अडखळली ती इथेच. तिच्या कानावर मराठी शब्द कमी पडतात, म्हणून तिच्या आईने अक्षरं आठवड्यातून दोनच दिवस घेतली आणि रोज रात्री आजीशी फोनवर गोष्ट ठेवली. वेळ लागला, पण पाया तोच होता.

जोडाक्षरं

शाळेत जोडाक्षरांची भीती फार, त्यामुळे ती घाबरवून शिकवली जातात. मुलाच्या तोंडात मात्र ती पहिल्यापासून असतात: बाप्पा, चप्पल, रस्ता, गप्पा. इथेही टाळ्या कामी येतात. ‘रस्ता’ला मूल दोन टाळ्या वाजवतं, रस्-ता. कागदावर मात्र स हा ता ला चिकटलेला. हा उलटसुलटपणा पाहून मूल ‘र-स-ता’ वाचतं. त्याला असं सांगा: ‘या स ची दांडी गेली. दांडी गेली की अक्षर उभं राहू शकत नाही, शेजाऱ्याला टेकतं. म्हणून त्याला थांबायचं नाही, पटकन पुढे जायचं.’ मग कार्डावरची स ची दांडी कात्रीने खरोखर कापा आणि उरलेला तुकडा ‘ता’ला चिकटवा. एकदा कापलेली दांडी पुढचे कित्येक दिवस आठवते.

दांडीवाल्या अक्षरांनंतर क आणि फ, ज्यांचं शेपूट तुटतं. मग ट, ठ, ड, द, ज्यांचे पाय मोडतात किंवा जे एकमेकांच्या खाली बसतात. ‘लठ्ठ’, ‘विद्या’, ‘गड्डा’. क्ष, ज्ञ, श्र अख्खेच शिकवा, फोड करू नका.

र साठी आठवडाभर वेगळा काढा. तो ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटाला तिरका, ‘ट्रक’मध्ये खाली कोनासारखा, आणि ‘वाऱ्यावर’मध्ये पापणीसारखा. रफाराची मेख अशी की तो ज्याच्या डोक्यावर असतो त्याच्या आधी वाचायचा. आणि पापणीचा ऱ हा केवळ नटवा नाही: आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतील, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक होईल. सात वर्षांच्या मुलांना हा विनोद बरोबर कळतो.

ओळ, वेग, अर्थ

शब्द येऊ लागले की मूल ओळीवर येतं, आणि तिथे मराठी आपलं खरं रूप दाखवते. ‘झाडाखालच्या’, ‘शाळेसमोरून’, ‘आंब्याच्या’. मुलाला झाड येतं, खाली येतं, पण सगळं एका शिरोरेषेखाली आलं की धडकी भरते. कागदाच्या तुकड्याने शेवट झाका: ‘झाडा’, मग उघडा ‘खाल’, मग ‘च्या’. आंबा चा ‘आंब्या’ कसा झाला हे विचारत बसू नका, तो बोलताना तसंच म्हणतो.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने, जे २०२१मध्ये सुरू झालं, तिसरीअखेर मिनिटाला निदान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट धरलं आहे. लक्ष्य वाईट नाही, पण घरात घड्याळ लावू नका. ‘शाळेसमोरच्या’ हा आपला एक शब्द, हिंदीत तेच सांगायला तीन-चार लागतात. त्यापेक्षा ‘असर’ सर्वेक्षणाची तपासणी घरी जास्त उपयोगी. २००५पासून ते मुलांपुढे एक कागद धरतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा लहानसा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. तसाच कागद दर तीन महिन्यांनी स्वतः बनवा. मजकूर न पाहिलेला हवा, कारण मुलं आवडतं पुस्तक पाठ करून बोट फिरवत ‘वाचून’ दाखवतात आणि आपण फसतो. शंका आली तर मधलाच एखादा शब्द दाखवून बघा.

वेगासाठी एकच उपाय मला फळला: तीच छोटी गोष्ट तीन-चार दिवस. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, दुसऱ्या दिवशी दोघं एका सुरात, तिसऱ्या दिवशी तो, चौथ्या दिवशी तो आजोबांना. आणि अर्थासाठी गप्पा. ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न बंद करा, त्याने कितीतरी मुलांच्या गोष्टी कडू केल्या आहेत. ‘तू असतास तर त्या कोल्ह्याला काय म्हणाला असतास?’ असं काहीतरी विचारा, किंवा विचारूच नका.

अडखळला की लगेच शब्द पुरवू नका. मनात पाच अंक मोजा. मग ‘पहिलं अक्षर कुठलं?’ तरीही नाही आलं तर सांगून टाका आणि पुढे चला. ‘पाणी’ला ‘पानी’ वाचलं, ‘होतं’ला ‘व्हतं’ वाचलं, तर ती चूक धरायची नाही. त्याने चिन्ह पाहून आपल्या घरच्या बोलीतला शब्द ओळखला, म्हणजे त्याला वाचता येतं. घरी अहिराणी, वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाची पहिली वाक्यं शक्य तर त्याच्या बोलीतच कार्डावर लिहा. देवनागरीला त्याची काही हरकत नसते.

इंग्रजी शाळेतलं मूल

आज हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. दोन लिप्या एकत्र चालतात, फक्त तास वेगळे ठेवा. इंग्रजीत अक्षराचं नाव ‘बी’ आणि आवाज ‘ब्’. मराठीत ब चं नावच त्याचा आवाज. त्यामुळे मराठीत आवाज जोडून शब्द करण्याची युक्ती आधी हाती लागते, आणि तीच युक्ती इंग्रजीतही वापरता येते. ‘आधी इंग्रजी पक्कं होऊ दे, मराठी सुट्टीत बघू’ म्हणणाऱ्या घरांत ती सुट्टी दहावीपर्यंत येत नाही, हे मी पाहिलं आहे. मराठी कार्डांवर इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहू नका, मूल तेच वाचेल.

तरीही अडलं तर

काही मुलं सातव्या वर्षीही गटागटांत अडकतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यापासून लांब बसवलेलं, चष्मा लागलेलं मूल वर्षभर ‘मंद’ ठरल्याचं माझ्याच वर्गात घडलं आहे, आणि ते माझ्या लक्षात उशिरा आलं. ते ठीक असेल, रोजचा सराव निदान सहा महिने झाला असेल, मूल बोलायला-समजायला चलाख असेल, आणि तरी शिकलेली अक्षरं दुसऱ्या दिवशी पुसली जात असतील, तर दुसरीच्या सुमारास अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. ‘आळशी’ हा शब्द मात्र घरातून तेव्हाच बाद करा, तपासणीची वाट न पाहता.

वाचता आल्यावर

मूल स्वतः वाचू लागलं की बहुतेक आईबाप सुटकेचा श्वास सोडतात आणि त्याला वाचून दाखवणं बंद करतात. करू नका. त्याचे कान त्याच्या डोळ्यांपेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असतात. त्याला वाचायला जड जाईल अशी लांब गोष्ट तो मांडीवर बसून आरामात ऐकतो आणि नवे शब्द तिथूनच गोळा करतो.

नातू आता दुसरीत आहे. परवा रात्री मला झोप अनावर झाली होती, म्हणून गोष्ट लवकर संपावी म्हणून मी पानाच्या तळाची एक ओळ हळूच गाळली आणि पान उलटलं. त्याने पान मागे उलटलं, त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘आजी, हे राहिलं.’